स्मिटनचा पहिला अर्थ

ठाण्यात कलेक्टर कचेरीच्या समोर झेरॉक्सची जी दुकानं आहेत, त्यांतल्या एका दुकानाच्या कोपऱ्यात देवराम भोईरांचं टेबल आहे. टेबलावर एक जाडजूड इंग्रजी-मराठी कोश, एक शाईचं पॅड, एक शिक्का आणि देवरामांची दोन कोपरं एवढंच मावतं. गिऱ्हाइकाने उभंच राहायचं. मागे पाटी : ‘दे. का. भोईर, भाषांतरकार. शिक्क्यासह.’

देवराम ठाण्याजवळच्याच बाळकुमचे. भोईर आळीत इंग्रजी घेऊन मॅट्रिक झालेले ते पहिले, आणि त्या इंग्रजीवर त्यांनी चव्वेचाळीस वर्षं काढली होती. खरेदीखतं, मृत्युपत्रं, कुलमुखत्यारपत्रं, जन्ममृत्यूचे दाखले. ‘हिअरइनबिफोर’ आणि ‘हिअरइनआफ्टर’ हे शब्द त्यांना सख्ख्या भावांसारखे होते. आताशा लोक मोबाइलवरच भाषांतर करून घेतात, असं कुणी म्हटलं की देवराम शांतपणे म्हणत, “घ्या की. मोबाइल शिक्का मारत नाही.”

त्यांच्या भाषांतरात आजवर कुणाला चूक सापडली नव्हती. याचं कारण ते स्वतःच सांगत. “कोशात शब्दाचे पाच अर्थ दिलेले असतात. आपण पहिला घ्यायचा. बाकीचे अर्थ काढायला वकील आहेत.”

त्या मंगळवारी दुपारी डबा खाऊन ते हात पुसत होते, तेवढ्यात एक उंच, वाळकुडा, पांढऱ्या मिशांचा माणूस दुकानात आला. आल्या आल्या त्याने आजूबाजूला पाहिलं, मग खिशातून एक लिफाफा काढला आणि दबक्या आवाजात म्हणाला, “नोटीस आलीय.”

“कुणाला?”

“मला. म्हणजे पोरीला. म्हणजे पोरीबद्दल मला.”

हे मारुती घाडगे. मूळ गाव कोरेगावकडचं, राहणार डोंबिवली. पालिकेच्या पाणीखात्यात चावीवाले होते. कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी सोडायचं, हे तीस वर्षं त्यांच्या हातात होतं. बायको जाऊन वीस वर्षं झालेली. एकुलती मुलगी योगिनी डोंबिवलीतच एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट. घाडग्यांच्या आयुष्यात आलेलं प्रत्येक इंग्रजी पत्र हे मेमो तरी होतं, नाहीतर नोटीस. त्यामुळे रजिस्टर पोस्टाने आलेल्या या पत्रात योगिनीचं नाव दिसल्यावर त्यांनी ते तिला दाखवलंच नाही. आधी आपल्याला कळू दे, मग तिला विचारू, असा त्यांचा हिशेब.

“शेजारी कुणाकडून वाचून नाही घेतलंत?” देवरामांनी विचारलं.

“शेजाऱ्याला वाचायला दिलं की सोसायटीच्या फळ्यावर लावल्यासारखंच ते.”

देवरामांनी चष्मा चढवला. पत्र एकाच पानाचं होतं, हाताने लिहिलेलं, अक्षर सुबक. खाली सही : सौमित्र घोषाल. मजकूर सरळ होता आणि देवरामांची लेखणीही सरळ चालली. तिसऱ्या ओळीत मात्र ती थांबली. ‘स्मिटन.’ हा शब्द चव्वेचाळीस वर्षांत एकाही खरेदीखतात आलेला नव्हता.

त्यांनी कोश उघडला. मुळात धातू ‘स्माइट’. त्याचा पहिला अर्थ : प्रहार करणे, तडाखा देणे, झोडपणे. ‘स्मिटन’ हे त्याचं कर्मणी रूप. म्हणजे ज्याला झोडपलं आहे तो. त्याच नोंदीत खाली, बारीक टायपात, आणखीही एक अर्थ दिलेला होता. कुणावर तरी मन जाऊन त्याचाच झालेल्या माणसाला इंग्रजीत स्मिटन म्हणतात. पण देवराम तिथवर पोचलेच नाहीत. पहिला अर्थ मिळाला, कोश मिटला.

भाषांतर तयार झालं. शिक्का बसला. घाडग्यांनी उभ्याउभ्याच वाचायला घेतलं :

‘आदरणीय महोदय, खांद्याच्या दुखापतीवरील उपचारासाठी मी आपली कन्या कु. योगिनी यांच्याकडे गेले पाच महिने जात आहे. पहिल्याच दिवसापासून मला त्यांच्याकडून मारहाण झालेली आहे. हे मी आजवर मुकाट्याने सोसले. याबाबत मी त्यांच्याशी एक शब्दही बोललेलो नाही, कारण आपल्याला अंधारात ठेवून काही करणे मला योग्य वाटत नाही. परंतु आता सोसवत नाही. आपली संमती असल्यास हे प्रकरण कायमचे मार्गी लावण्याची माझी इच्छा आहे. आपण माझ्या भावनांना न्याय द्याल, अशी आशा करतो.’

घाडगे मटकन खाली बसायला गेले. स्टूल नव्हतं, म्हणून झेरॉक्स मशीनला टेकले.

“अहो, हातपाय पिरगळणं हे तर तिचं कामच आहे!”

“पिरगळणं वेगळं, मारहाण वेगळी,” देवराम म्हणाले. “इथे स्वच्छ मारहाण आहे. मी कोश बघितलाय.”

“पहिल्या दिवसापासून?”

“पहिल्याच. ‘च’ आहे.”

घाडग्यांनी कपाळाला हात लावला. त्यांना योगिनीची चौथी आठवली. हेडमास्तरांच्या मुलाने वेणी ओढली म्हणून हिने त्याच्या डोक्यात पाटी घातली होती, आणि पाटी फुटली होती. “हात जडच आहे हो तिचा लहानपणापासून,” ते पुटपुटले. “आई नसली की पोरींना सांगणार कोण? मी आपला पाणी सोडत हिंडलो.” मग एकदम ताठ झाले. “पण मिटवायला तयार आहे ना तो?”

“तसं लिहिलंय.”

“मग आजच मिटवू. पोलिसात जायच्या आत. तुम्ही चला माझ्याबरोबर. तो इंग्रजीत बोलला तर मी काय करू?”

देवराम कधी टेबल सोडून गिऱ्हाइकाबरोबर गेलेले नव्हते. पण पत्ता पाहिला तर बाळकुमचा. ज्या टॉवरचं नाव होतं, त्याच्या जागी पूर्वी देवरामांच्या चुलत्याचं भाताचं खाचर होतं. घराकडेच जायचं होतं, तेव्हा ते उठले. वाटेत घाडग्यांनी रिक्षा थांबवून अर्धा किलो पेढे घेतले. माफी मागायला रिकाम्या हाताने जाऊ नये, असं त्यांचं म्हणणं पडलं.

एकोणिसाव्या मजल्यावर दार उघडलं ते तिशीच्या एका सडपातळ, चष्मेवाल्या तरुणाने. घरूनच काम करत असावा. वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली बर्मुडा होती. घाडग्यांनी हात जोडले आणि पालिकेत तीस वर्षं वापरलेली हिंदी बाहेर काढली.

“मैं योगिनी का फादर.”

तरुणाचा चेहरा पांढरा पडला. तो आत पळाला आणि फुलपँट घालून आला.

सौमित्र घोषाल सिलिगुडीचा. त्याची हिंदी घाडग्यांच्या हिंदीहून बरी नव्हती, फक्त दुसऱ्या बाजूला कलती होती. “आप बैठिए ना. हम जल देता है. हम बहुत डरता था, आप गुस्सा करेगा.”

“गुस्सा? हम कायको गुस्सा करेगा?” घाडगे गहिवरले. “तुम इतना सहन किया. पाँच महिना!”

“हाँ, पाँच महीना,” सौमित्रने मान खाली घातली.

“बहुत दुखता है क्या अभी?”

सौमित्रने डोळे मिटले आणि छातीवर हात ठेवला. “इधर.”

घाडग्यांनी देवरामांकडे पाहिलं. छातीवर सुद्धा मारलं म्हणजे कमाल झाली! त्यांनी पेढ्यांचा बॉक्स पुढे केला आणि मुद्द्याला हात घातला. “देखो बेटा, जो हुआ सो हुआ. मैं उसका बाप है. मेरी लडकी का हाथ...”

‘बचपन से भारी है’ हे पुढचे शब्द तोंडातच राहिले. सौमित्रने हात हा शब्द ऐकला, पेढे पाहिले, आणि घाडग्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. मग उठून त्याने देवरामांच्याही पायांवर ठेवलं.

“मार खाल्लेला माणूस पाया का पडतोय?” घाडग्यांनी कुजबुजत विचारलं.

“सोशीक दिसतोय,” देवराम म्हणाले.

“हम अभी माँ को फोन करता है,” सौमित्र म्हणाला.

घाडगे घाबरले. “नको, नको! माँ को मत बोलो! बात अपने में रखो!”

“लेकिन शादी में माँ को नहीं बोलेगा?”

खाली कुठेतरी रिक्षावाल्यांची वादावादी चालली होती, ती एकोणिसाव्या मजल्यापर्यंत ऐकू आली.

देवरामांनी हात पुढे करून घाडग्यांच्या खिशातून मूळ पत्र आणि आपलं भाषांतर काढून घेतलं. ‘मुकाट्याने सोसले.’ ‘कायमचे मार्गी.’ ‘भावनांना न्याय.’ एकेक ओळ वाचताना त्यांना कळत होतं की सदरा आपण उलटा घातला होता. शिवण वर आलेली दिसत असून सगळ्या गावातून मिरवला. गप्प बसावं, असं एक क्षण मनात आलंही. घाडग्यांना इंग्रजी येत नव्हतं, सौमित्रला मराठी येत नव्हती. या दोघांच्या मधे जे काही होतं, ते एकट्या देवरामांच्या हाती होतं.

“घाडगे,” ते म्हणाले, “चूक माझी आहे. तुमच्या मुलीने कुणाला मारलेलं नाही. हे स्थळ आहे.”

मग तेच त्यांनी सौमित्रला इंग्रजीतून सांगितलं. त्यांचं इंग्रजी कोर्टाचं असल्यामुळे ते एखाद्या जबानीसारखं झालं, पण सौमित्रला समजलं. “योगिनी हमको मारा?” तो ओरडला, आणि मग सोफ्यावर पडून असा हसायला लागला की चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला.

घाडगे हसले नाहीत. मुलीने मारहाण केली, यापेक्षा मुलीला मागणी आली, हा धक्का मोठा होता. ते बराच वेळ पेढ्यांच्या बॉक्सची दोरी बोटाला गुंडाळत बसले. मग म्हणाले, “मग त्या शब्दाचा खरा अर्थ काय? मला नेमका सांगा. पोरीचा प्रश्न आहे.”

सौमित्रने तत्परतेने मोबाइल पुढे केला. मोबाइल म्हणत होता : मोहित.

“मोहित?” घाडगे म्हणाले. “मोठेमोठे ऋषी मोहित झालेले आहेत. तप संपलं आणि पोरं आश्रमात राहिली. नको.”

“मुग्ध,” देवराम म्हणाले.

“मुग्ध म्हणजे गप्प. याने तर रजिस्टर पोस्टाने कळवलंय.”

“लुब्ध.”

“म्हणजे लोभी? डोंबिवलीतला वन बीएचके आहे माझा, त्यावर डोळा आहे की काय याचा?”

“आस...” देवरामांनी ‘आसक्त’ म्हणायला तोंड उघडलं आणि मुलीच्या बापासमोर तसंच मिटलं. “भाळलेला,” ते घाईने म्हणाले.

“आज इथे भाळला, उद्या तिथे भाळेल.”

“घायाळ.”

“परत मारहाण!”

सौमित्र एकदा याच्या तोंडाकडे, एकदा त्याच्या तोंडाकडे बघत होता. आपल्यावर काय काय आरोप होताहेत आणि कुठला फेटाळला जातोय, हे त्याला कळत नव्हतं. देवरामांनी कपाळाचा घाम पुसला. मृत्युपत्रात माणूस मेलेला असतो, खरेदीखतात जमीन गेलेली असते. तिथे शब्द नेमके सापडतात. इथे एक धडधाकट मुलगा समोर बसला होता आणि त्याला काय झालंय, ते सांगायला चव्वेचाळीस वर्षांची विद्या अपुरी पडत होती.

“माझ्या घरी चला,” ते शेवटी घाडग्यांना म्हणाले. “इथून पाच मिनिटांवर आहे. चहा घेऊ. मला जरा विचार करू द्या.”

देवरामांच्या ओट्यावर त्यांची बायको गंगुबाई कडवे वाल सोलत बसली होती. ती चौथीपर्यंत शिकलेली. नवऱ्याचं तोंड पाहून तिने सोलणं थांबवलं नाही, पण विचारलं, “काय जालं? तोंड कनाला उतरलंय?”

देवरामांनी सगळं सांगितलं. चूकही सांगितली. गंगुबाई ऐकत होती आणि वाल पातेल्यात टपटप पडत होते. मारहाणीचा भाग आला तेव्हा तिने पदर तोंडाला लावला, पण पाहुणा समोर होता म्हणून हसली नाही.

“तो पोरगा डॉक्टरनीकं जातंय कवा?” तिने विचारलं.

“दर शनिवारी,” देवराम म्हणाले. निघताना सौमित्रने दारात उभं राहून एक कबुली दिली होती, ती त्यांना आठवली. “खांदा तसा दोन महिन्यांपूर्वीच बरा झालाय, म्हणत होता. तरी जातो.”

“हितून डोंबिवलीला? कसा जातंय?”

“रिक्षाने, बसने. शीळफाट्यावरून.”

गंगुबाईचा हात थांबला. “शीलफाट्यावरना? शनवारी?”

“हो.”

“खांदा बरा हाय तरी?”

“हो, म्हटलं ना.”

“मंग त्याला इंग्रजी कनाला पायजे?” ती म्हणाली. “जीव लागलाय त्याचा.”

घाडग्यांनी चहाचा कप खाली ठेवला. शीळफाटा त्यांना ठाऊक होता. टँकर, कंटेनर आणि ट्रेलर यांच्या मधे शनिवारी संध्याकाळी अडकलेला माणूस जन्मदात्यालाही शिव्या देतो, हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं होतं. तिथून कुणी हौसेने जात नाही. आणि दुखणं नसताना सलग दोन महिने तर मुळीच नाही.

“जीव लागलेला,” ते स्वतःशीच म्हणाले. कडक पाव चहात बुडवून बघावा, तसा त्यांनी तो शब्द तोंडात घोळवून पाहिला. “हा चालेल. हा लिहा.”

देवरामांनी ओट्यावरच नवं भाषांतर लिहिलं. जुन्यावर आडव्या अक्षरांत ‘रद्द’ असं लिहून सही केली. चव्वेचाळीस वर्षांत ‘रद्द’ हा शब्द त्यांनी स्वतःच्या कागदावर प्रथमच लिहिला. तो लिहिताना वाटलं होतं तेवढं दुखलं नाही.

घाडगे गेल्यावर देवराम ओट्यावरच घुटमळत राहिले. मग म्हणाले, “गंगे, तुजा जीव लागलेला का गो माज्यावर? लग्नाच्या टायमाला?”

“तुमाला बगितलंच कुटं व्हतं?” गंगुबाई सालं गोळा करत म्हणाली. “बापूस बोलला, पोरगा इंग्रजी बोलतंय. मना वाटलं, मोटा सायब असंल. आलू तं हा कागदवाला.” आणि आत जाता जाता थांबून म्हणाली, “मंग लागला.”

पुढच्या आठवड्यात घाडगे पुन्हा दुकानात आले. या वेळी लिफाफा नव्हता आणि आवाजही दबका नव्हता. त्यांनी योगिनीला मूळ पत्र आणि दोन्ही भाषांतरं दिली होती. तिने आधी पत्र दोनदा वाचलं. मग पहिलं भाषांतर वाचलं आणि स्वयंपाकघरात फ्रिजला धरून हसत राहिली. दूध उतू गेलं तरी तिला भान नव्हतं.

“मी तिला म्हटलं, अगं, त्याचा खांदा कधीच बरा झालाय, तुला फसवून येतो तो. तर म्हणते कशी, बाबा, खांदा बरा झालाय हे मला नाही कळणार तर कुणाला कळणार? मीच तर अपॉइंटमेंट देत होते!”

मग टेबलावर वाकून घाडग्यांनी अगदी कामाचा प्रश्न विचारला. “मग आता तिला काय म्हणायचं? तिलाही तोच शब्द लागू पडतो का?”

देवरामांनी कोशाकडे पाहिलं सुद्धा नाही. “लागू पडतो. फक्त स्त्रीलिंगी करायचा.”

लग्न मार्गशीर्षात डोंबिवलीच्या एका हॉलमध्ये झालं. सिलिगुडीहून चौदा माणसं आली. मुलाची आई आणि घाडगे यांच्या मधल्या खुर्चीवर देवरामांना दोन दिवस बसवून ठेवलं होतं. विहिणीने माशांचं विचारलं तर घाडग्यांनी श्रीखंडाबद्दल सांगितलं, आणि देवरामांनी दोघांचाही मान राहील असं काहीतरी मधलं भाषांतर केलं. योगिनीने त्यांना वाकून नमस्कार केला तेव्हा देवरामांनी दचकून तिच्या हातांकडे पाहिलं. हात चांगलेच भक्कम होते.

त्यानंतर भाषांतराचा नियम थोडा बदलला. जमीन, घर, वाटणी यांचे कागद देवराम दुकानातच उरकतात. पण कुणाच्या घरातलं, मनातलं काही आलं की तो कागद पिशवीतून बाळकुमला येतो. परवाच एका वकिलाने घटस्फोटाचा अर्ज दिला. त्यात बायकोसाठी ‘एस्ट्रेंज्ड’ असं एक इंग्रजी विशेषण होतं, आणि कोशात त्याला चार अर्थ होते. देवरामांनी चारही वाचले आणि कागद घेऊन ते चुलीपाशी गेले.

गंगुबाई कोलंबीचं कालवण ढवळत होती. “भांडून गेली का न भांडता?” तिने विचारलं.

“न भांडताच गेली, असं दिसतंय.”

“मंग दुरावली. तसा लिवा.” तिने चव घेतली, चिमूटभर मीठ टाकलं. “आनि सावकाश लिवा. न भांडता गेलेली मानसं परत येतान.”

वकिलाला तो कागद बुधवारी हवा होता. देवरामांनी तो पुढच्या सोमवारी दिला.